काटेपामचं उघडं बी

३ मार्च

ठमे,

मी बरी आहे. तू विचारलं नाहीस, तरी सांगते. बाबा गेल्यापासून तू काहीच विचारलेलं नाहीस, त्यामुळे या पत्राला उत्तर येईल अशी आस लावून मी बसलेली नाही. एक बातमी आहे, आणि तिची खरी किंमत कळेल असं तुझ्याशिवाय दुसरं कुणी नाही, एवढ्याचसाठी लिहिते आहे.

बाबांच्या दोन काटेपामांपैकी जो माझ्याकडे राहिला, त्याला फळं धरली आहेत.

नीट वाच. फळं. आधी शेंड्यातून अननसाएवढा हिरवा शंकू वर आला. मला वाटलं, रोगबिग असेल, पण हात लावला नाही. गेल्या आठवड्यात तो शंकू आपोआप मोकळा झाला आणि खवल्याखवल्याआडून दोन-दोन लालभडक फळं बाहेर डोकावली. अंगठ्याएवढी, तुकतुकीत. तुझे भावजी तर म्हणाले, झाडाला आता नजर लागेल, गोणपाट टाक.

तू मला काय सांगायचीस ते आठवतं ना? माझं झाड मादी, तुझं नर, दोन्ही जवळ असले तरच बी धरेल. आणि एवढं सांगणारी तूच एके दिवशी माझ्या माघारी टेम्पो बोलावून आपलं झाड कुंडीसकट उचलून गेलीस. त्याच्या आदल्या दिवशी मी काही बोलले असेन, नसेन. रागात माणूस काहीही बोलतं, ते कुणी उराशी धरून बसत नाही.

तर मुद्दा असा की माझ्या झाडाचं तुझ्या नरावाचून काही अडलं नाही. तुझा नर तुला लखलाभ. तुझ्या नोकरीच्या त्या डोंगरातल्या पाइनच्या बीजबागेत त्याला वारा घालत बस. इकडे आमच्या बियाणे कंपनीच्या जाळीघरात मी बातमी सांगितली तर मुकादमीणबाई म्हणाल्या, "तुझ्या हाताला गुणच आहे, तू नुसतं बघितलंस तरी बी धरतं." उभा जन्म काकड्यांच्या मादी फुलांना पराग टेकवण्यात गेला माझा. बी धरण्यातलं मला कुणी शिकवू नये.

ताई


२१ मार्च

ठमे,

तुझं कार्ड आलं. इतक्या वर्षांनी सख्ख्या बहिणीला लिहिलंस, त्यात "ताई" हा एक शब्द मायेचा आणि बाकी सगळा शाळेतला धडा. भावजींना मी मोठ्याने वाचून दाखवला, त्यांनाही कळू दे की आमच्या घरात कोण किती शहाणं आहे.

"ताई, ती फळं नाहीत. फळ फक्त फुलाला येतं. फुलात बीजांड एका बंद घरात असतं आणि त्या घराचंच पुढे फळ होतं, तुझ्या काकडीसारखं. शंकूत घरच नसतं. बी खवल्यावर उघडं बसतं आणि उघडंच वाढतं. तो लाल गर म्हणजे बियांची साल. एक फोडून बघ, आत कोंब नसेल. हातमोजे घाल, विषारी असतं. आणि तो पाम नाही. पामला फुलं येतात. हा पाइनचा नातेवाईक."

बाबा त्याला काटेपाम म्हणायचे, मीही काटेपामच म्हणणार. बाबांना दुरुस्त करायचं असतं तर ते होते तेव्हा करायचंस.

हातमोजे घालून फोडलं एक. बत्त्याने. आत पांढराशुभ्र, घट्ट गर, खोबऱ्यासारखा काठोकाठ भरलेला. आता सांग, कोंब यायचाच नसेल तर एवढा गर कुणासाठी भरून ठेवलाय? मी रोज फुलं हाताळते. फुलात आधी पराग पोचतो, गर्भ धरतो, आणि मग त्याच्यासाठी आत खायला साठतं. पाहुणा येणार हे नक्की झाल्याशिवाय एवढा स्वयंपाक कोण करून ठेवतं?

सगळ्या बिया मी पेरल्या. वाळू, कोकोपीट, वर ओला गोणपाट. उगवल्या की तुला फोटो पाठवते, म्हणजे तुझ्या बीजबागेतल्या साहेबांना दाखवता येईल.

ताई


९ नोव्हेंबर

ठमे,

तुझं दुसरं कार्ड आलं त्यालाही बरेच दिवस झाले. लिहायला सवड झाली नाही. भावजींचा गुडघा दुखतो आहे. जाळीघरात या हंगामात टोमॅटोचंही काम आलंय, त्यामुळे चिमट्याने पुंकेसर काढून काढून बोटं आखडून जातात. शेजारच्यांनी घराला नवीन रंग दिला, औषधाच्या गोळीसारखा गुलाबी. हवा बरी आहे.

तू विचारलं आहेस की बिया उगवल्या का.

एकही नाही. उकरून पाहिल्या तर काही मऊ पडलेल्या, काही अजून तशाच टणक, पण सगळ्या मुक्या. मी दोन-दोनदा उकरल्या.

तू कार्डावर लिहिलंस की शंकूवाल्या झाडांत हे असंच असतं. फुलवाली झाडं हिशेबी, गर्भ धरला तरच शिजवतात. शंकूवाली झाडं आधीच शिदोरी भरून ठेवतात, पराग मिळाला का, मूल होणार का, कशाचाही पत्ता नसताना. म्हणून बी दिसतं भरलेलं, आणि आत कुणीच नसतं.

ते वाचून मी कार्ड कपाटात ठेवलं. माझं झाड एकट्याने एवढी सगळी शिदोरी बांधून बसलं होतं आणि मी गावभर पेढे वाटल्यासारखी हिंडत होते, याचं मला फार वाईट वाटलं. तुला सांगायचं नव्हतं, पण सांगितलं.

ताई


१४ सप्टेंबर, दोन वर्षांनी

ठमे,

मागत नाहीये. कळवते आहे.

झाडाला पुन्हा शंकू आलाय. आधीपेक्षा मोठा. पण या वेळी बुंध्याला एका बाजूने कूज लागली आहे. आमच्या कंपनीतले पिकांच्या रोगांचे साहेब सुट्टीच्या दिवशी घरी येऊन पाहून गेले. त्यांनी बुंधा दाबला तर अंगठा आत गेला. मी म्हटलं, औषध सांगा. ते म्हणाले, "बाई, औषध लावा, तुमच्या समाधानासाठी. हा शंकू ते पोसेल. यानंतरचा नाही पोसणार." साहेब चांगले आहेत, पण त्या दिवशी मला त्यांना चहा विचारायचं सुचलं नाही.

मागे तूच लिहिलं होतंस की या जातीची मादी तुला आणखी कुठे सापडली नाही, चार बागांना विचारून झालं. म्हणजे माझ्या झाडामागे कुणी नाही. हा शंकू रिकामा गेला की बाबांनी कुठून कुठून आणून वाढवलेलं हे सगळं संपलं. तुझा नर डोंगरात एकटा, आणि इथे मोकळी कुंडी.

तुझ्या नराला या वर्षी शंकू आला होता का, पराग आहे का, एवढं फक्त माहितीसाठी विचारते. असलाच तर फुकट जाऊ देऊ नये, असं आपलं माझं मत.

असला तर पाठव गं.

ताई


२ ऑक्टोबर

ठमे,

डबी पोचली. बर्फाच्या पिशव्या वितळल्या होत्या, पण डबी थंड होती. टपालवाल्याने विचारलं, "आत काय आहे, हळद?" मी म्हटलं, "जावई आहे." तो अजून विचार करत असेल.

पण सोबतची चिठ्ठी वाचून माझं डोकं फिरलं होतं. "ताई, तुझा ब्रश वापरू नकोस. तुझ्या सवयीने करशील आणि वाया घालवशील." माझ्या सवयीने मी हजारो काकड्यांना बी धरवलंय. म्हणून मी पहिल्याच दिवशी चिठ्ठी बाजूला ठेवली, ब्रश घेतला, स्टुलावर चढले आणि शंकूवर कुक्षी शोधायला लागले. फुलाला ती असतेच. चिकट, ओली, बरोबर मधोमध, जणू हात पुढे करून उभी. तिला पराग टेकवला की आपलं काम संपलं, पुढचं घरातली माणसं बघतात. शंकूच्या शेंड्यावर पाहिलं, कडेने पाहिलं, चष्मा बदलून पाहिलं. कुठे काही नाही. नुसते खवले, एकमेकांना चिकटून, दारं लावून घेतल्यासारखे. तेवढ्यात ब्रशवरचा चिमूटभर पराग वाऱ्याने उडून भावजींच्या टकलावर पडला.

मग मी खाली उतरले आणि तुझी चिठ्ठी पुन्हा वाचली. या वेळी शब्द न् शब्द.

तू लिहिलंस तसं रोज सकाळी शंकूच्या खवल्यांत कागद सरकवून पाहायला लागले. आठवडाभर तो सरकतच नव्हता. मला वाटलं, कूज वर चढली आणि सगळं आटोपलं. काल सकाळी कागद सुळकन आत गेला. कळलं की फटी पडल्या. कामावर निरोप पाठवला, आज येत नाही, घरी महत्त्वाचं माणूस आहे.

वरचे तीन-चार खवले कापले, आत वाट केली. टॉर्च मारला. ठमे, मी तुला काय सांगू. प्रत्येक खवल्यामागे दोन बीजांडं उघडी बसलेली, ना भिंत, ना पडदा, आणि त्यांच्या टोकाला पाण्याचा एकेक थेंब. इवलासा. टॉर्चच्या उजेडात चमकत होता. तू लिहिलं होतंस, "त्याला कुक्षी नाही, तो स्वतःच थेंब बाहेर काढतो आणि पराग पकडून आत ओढून घेतो," ते मी वाचलं होतं, पण वाचणं वेगळं. इतकी वर्षं मी परागाला फुलाच्या दारात सोडून येत होते. आत नक्की काय होतं ते मी कधी पाहिलंच नव्हतं. इथे दारच नाही, थेट माजघरात जाऊन भेट.

भावजींच्या कानाची रबरी पिचकारी आणि सरबताची नळी. पिचकारीत पराग भरून नळीने आत फुसफुस मारला, वरून, खालून, चारी बाजूंनी. नंतर फटींतून पिवळी धूळ बाहेर आली आणि मी शिंकले. आज पुन्हा मारला. तू म्हणालीस तसा थोडा शिल्लक ठेवलाय, तो परवा.

ठमे, हे तुला जमतं ते कधीपासून? मी कधी विचारलंच नाही.

ताई


१८ जून

ठमे,

शंकू काल सुटला.

आधी झाडाचं सांगते. खालची पानं एप्रिलपासूनच पिवळी पडत गेली. मधला गाभा मेच्या शेवटी हाताला निघून आला. तरीही शंकू उभा होता, हिरवा, मग पिवळा, आणि काल सकाळी मी पाणी घालायला गेले तर खवले कुंडीभर विखुरलेले आणि बिया लाल, अगदी मागच्या वेळेसारख्या. आणि खरं सांगू? मागच्या वेळेसारख्या आहेत हे पाहूनच मी पाण्याची झारी तशीच खाली ठेवली. कारण आता मला ठाऊक होतं की भरलेलं दिसतं म्हणून भरलेलं असतं असं नाही.

तुझं वाक्य डोक्यात होतं, "पाण्यात टाक, जी तरंगतील ती पोकळ." साल काढली, मोजे घालून, आणि बादलीत एक-एक सोडली. पहिली तरंगली. दुसरी तरंगली. तिसरी तरंगली, तेव्हा भावजी हळूच उठून आत गेले. मी बादलीपाशी बसून राहिले. चौथी सरळ तळाशी गेली. पाचवी तळाशी. मग मी हातात येतील तशा सोडत गेले. निम्म्याहून जास्त बुडाल्या. जन्मात कधी काही बुडाल्याचा मला एवढा आनंद झाला नव्हता.

आणि लगेच तुला लिहायला घेतलं तर तुझंच जुनं कार्ड दिसलं. बुडालेल्यांतही काही रिकाम्या निघतात. शिवाय त्या आत्ता पेरायच्या नाहीत, कारण कोंब अजून तयारच झालेला नसतो. बी आईपासून सुटलं तरी कोंब आत सावकाश वाढत राहतो, सहा महिने वाट पाहावी लागते. काकडीचं बी आज काढलं की उद्या पेरलं तरी डोकं वर काढतं. तुमच्या या शंकूवाल्यांना घाई हा प्रकारच ठाऊक नाही. पराग आत गेल्यानंतरही कित्येक महिने तो नुसता बसून होता, आणि मग शेवटी म्हणे पोहत पोहत पोचला. तू हे लिहिलंस तेव्हा मला वाटलं, तू माझी फिरकी घेते आहेस. आमच्या फुलांत कुणाला पोहावं लागत नाही, नळीतून थेट घरपोच.

बिया कोरड्या भुश्श्यात, माठाच्या बाजूला, सावलीत ठेवल्या आहेत. झाड गेलंय बहुतेक. मी तरी अजून पाणी घालते.

ताई


२० डिसेंबर

ठमे,

आज झाड उपटलं. बुंधा हातातच सुटा झाला. भावजी म्हणाले, कुंडी राहू दे, रिकामी कशाला करतेस. मी म्हटलं, धुऊन ठेवते.

त्यानंतर एक बी घेऊन बसले. तू लिहिलं होतंस, एकाचा बळी द्यावा लागेल, त्याशिवाय खात्री नाही. सगळ्यात मोठं घ्यावं की सगळ्यात बारीक, यावर माझं नि भावजींचं भांडण झालं. शेवटी मधलं घेतलं. या वेळी बत्ता नाही, करवत, हळूहळू, बरोबर लांबीत.

दोन शकलं झाली. तोच पांढरा गर. आणि गराच्या मधोमध एक पोकळी, आणि पोकळीत एक पिवळसर कांडी, माझ्या करंगळीच्या नखाएवढी, जिवंत. तिच्या टोकाला स्प्रिंगसारखा गुंडाळलेला बारीक दोरा. मी दोरा ओढून पाहिला तर तो उलगडत गेला, उलगडत गेला, संपेचना.

ठमे, आत कुणीतरी आहे.

मी दोन्ही शकलं हातात घेऊन रस्त्यावर गेले. गुलाबी घरवाल्यांना दाखवलं. दुधवाल्याला दाखवलं. रोगांच्या साहेबांच्या घरी रिक्षाने गेले, त्यांनाही दाखवलं. ते बराच वेळ भिंगातून बघत होते आणि मग म्हणाले, "बाई, हे तुम्ही केलंत?" मी म्हटलं, "मी आणि माझी धाकटी बहीण. ती या विषयातली आहे." बोलून गेले आणि मग माझ्याच लक्षात आलं की हे मी पहिल्यांदाच कुणाला सांगितलं.

बियांची आई गेली, पण शिदोरी वाया गेली नाही. बाकीच्या बिया आजच पेरते. ऊर फुटेल असं वाटतंय. तू इथे असायला हवी होतीस. आमच्या साहेबांनी त्या दोऱ्याबद्दल विचारलं आणि मला काहीही सांगता आलं नाही.

ताई


११ मार्च

ठमे,

हे पत्र टपालात टाकायचं नाहीये. तू पलीकडच्या खोलीत दुपारची झोपली आहेस आणि बाबांसारखीच घोरते आहेस. तुझ्या चहाच्या कपाखाली ठेवते, उठलीस की वाच. मी मागीलदारी असेन, लगेच येऊ नकोस.

जशी न कळवता गेलीस, तशीच गेल्या महिन्यात न कळवता आलीस. दार उघडलं तर समोर तू, पिशवी खांद्याला, आणि पहिलं वाक्य काय, तर "पाणी जास्त घालत नाहीस ना?" तुला मिठी मारावी की दोन शब्द सुनवावेत हे ठरेपर्यंत तू थेट कुंड्यांपाशी पोचलीस. वाळू बोटाने बाजूला केलीस आणि म्हणालीस, "ताई, मूळ." मग पुढच्या कुंडीत, "ताई, मूळ." मग आपण दोघी गुडघ्यांवर बसून सगळ्या कुंड्या पाहिल्या. भावजी म्हणतात, मी ओरडत होते. मला आठवत नाही. तू रडत होतीस ते मात्र मला आठवतं, नाकार आता.

आता नऊ रोपं आहेत. पहिलं पान सगळ्यांना फुटलंय. काल रोगांच्या साहेबांसमोर तू तो गुंडाळलेला दोरा समजावून सांगत होतीस, तो कोंबाला गरात खोल ढकलत नेतो म्हणून, तेव्हा ते शाळेतल्या पोरासारखे ऐकत होते. मुकादमीणबाई तर तुला विचारत होत्या की आमच्या जाळीघरात येऊन बायकांना शंकू आणि फूल यांतला फरक सांगाल का. मी शेजारी उभी होते, दोन्ही हात कमरेवर. एवढी ताठ मी माझ्या लग्नातही उभी राहिले नसेन.

तोंडाने हे मला जमणार नाही, म्हणून लिहून ठेवते. माझ्या एकटीच्या हाताला गुण होता तेव्हा त्या बिया मुक्या निघाल्या. ही नऊ रोपं आपल्या दोघींची आहेत. जिंकलो आपण, ठमे.

आणि आता ते परतीच्या तिकिटाचं. काल संध्याकाळी ते जोमदार रोप पाहून तू म्हणालीस, "हा नर असणार." मी म्हटलं, "डोळे तपास, ही मादी आहे." तू म्हणालीस, "पानावरून कळत नसतं." मी म्हटलं, "मग तू कशावरून म्हणालीस?" तेव्हा भावजी वर्तमानपत्रामागून म्हणाले, "शंकू आल्याशिवाय कळत नाही ना? म्हणजे दहा-पंधरा वर्षं. तोवर भांडा."

तेवढी वर्षं भांडायला मला तू लागशील. तिकीट रद्द कर.

ताई